वाडीतील नव्या खोलीचे पहिले पाहुणे

वसई तालुक्यातील कळंब गावाच्या पश्चिमेस समुद्र आहे, किनाऱ्याला सुरूची झाडे आहेत आणि त्यांच्या मागे गावाकडे केळी, फुले व भाजीपाला यांच्या वाड्या आहेत. नालासोपारा स्थानकावरून बसने किंवा रिक्षाने येथे येता येते. मुंबईची वस्ती विरारपर्यंत येऊन पोहोचल्यामुळे रविवारी व सणासुदीला या किनाऱ्यावर माणसांची रीघ लागते. ही रीघ पाहून एखाद्या बागाईतदार कुटुंबाच्या मनात साहजिकच विचार येतो की, घरालगतची खोली नीटनेटकी करून शहरातील पाहुण्यांना मुक्कामासाठी द्यावी. मग कर्ज काढून किंवा दागिना गहाण ठेवून खोलीला फरशी बसविली जाते, स्वतंत्र शौचालय जोडले जाते, पलंग, पंखा, पाण्याची टाकी यांची व्यवस्था होते. घरातील शिकलेला मुलगा मोबाइलवरून एअरबीएनबी किंवा तत्सम संकेतस्थळावर खोलीची नोंद करतो, चार छायाचित्रे चढवितो, आणि घरातील सर्व माणसे वाट पाहू लागतात. पहिला आठवडा जातो, पहिला महिना जातो. कोणीही येत नाही.

या जोडधंद्यातील सर्वांत कठीण काळ हाच होय, आणि त्याचा विचार मात्र सर्वांत कमी केला जातो. खोली बांधण्यासाठी कर्ज कोठून मिळेल, छप्पर कौलारू असावे की पत्र्याचे, याची चर्चा पुष्कळ होते. खोली तयार झाल्यावर पहिले दहा मुक्काम कोठून यावयाचे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. किनाऱ्यालगतच्या जमिनीला गिऱ्हाईक नेहमीच दाराशी उभे असते, हे या पट्ट्यातील शेतकऱ्याला सांगावयास नको. खोलीचे हप्ते थकले की वाडीचा एखादा तुकडा काढून टाकण्याची सूचना घरातूनच पुढे येते. वाडी राखण्यासाठी म्हणून उभारलेली खोलीच वाडी जाण्यास निमित्त व्हावी, याहून वाईट ते काय? म्हणून पहिल्या पाहुण्यांचा विषय किरकोळ समजून बाजूला ठेवण्यासारखा नाही.

पहिली चूक होते ती अशी की, संकेतस्थळावर नोंद झाली म्हणजे काम झाले, असे मानले जाते. बाजार समितीत माल नेऊन ठेवला की लिलाव पुकारणारा असतोच. येथे पुकारणारा कोणी नसतो. शहरातील माणूस मोबाइलवर वसईच्या किनाऱ्यावरील मुक्कामाची जागा शोधू लागला की त्याच्यापुढे अनेक जागा येतात. त्यांतील काहींच्या खाली पूर्वीच्या पाहुण्यांचे अभिप्राय असतात, तारे असतात. नव्या खोलीखाली काहीच नसते. एअरबीएनबीवर तर तीन पाहुण्यांचे अभिप्राय येईपर्यंत ताऱ्यांचा आकडाही दिसत नाही. कुटुंबकबिला घेऊन निघणारा गृहस्थ अनोळखी घरी, कोणी न राहिलेल्या खोलीत प्रथम स्वतः का जाईल? कोणी राहिलेले नाही म्हणून कोणी येत नाही, आणि कोणी येत नाही म्हणून कोणी राहिलेले नाही, असे हे चक्र आहे. ते आपोआप फिरू लागेल म्हणून स्वस्थ बसणे म्हणजे विहिरीवर मोट जोडून बैल न हाकण्यासारखे आहे.

तेव्हा पहिल्या पाहुण्यांना हाक मारून बोलवावे लागते. आणि हाक कोणाला मारावयाची, हे नीट विचार करून ठरवावे लागते.

या बाबतीत वसईच्या बागाईतदाराजवळ एक भांडवल आहे, ज्याचा त्याला बहुधा विसर पडलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या या भागातील फुले, केळी, विड्याची पाने, भाजी व दूध मुंबईला जात आले आहे. पहाटेच्या गाडीने दादरच्या फूलबाजारात जाणारी टोपली हा केवळ मालाचा व्यवहार नव्हे. त्या टोपलीमागे ओळखी आहेत: नेहमीचा हार करणारा, रोजच्या पूजेची फुले घेणारे कुटुंब, शाळेतील शिक्षिका, सहकारी गृहनिर्माण संस्थेतील चार-सहा गिऱ्हाइके. या माणसांना वाडीवाल्याच्या मापाची व शब्दाची खात्री वर्षानुवर्षे पटलेली आहे. अनोळखी घराची भीती त्यांना वाटत नाही. पहिले आमंत्रण त्यांना गेले पाहिजे. घरातील मुलगी बोरिवलीला दिली असेल, भाऊ अंधेरीच्या कचेरीत असेल, तर त्यांच्या शेजाऱ्यांना व सहकाऱ्यांना निरोप जावा. निरोपात केवळ ‘या’ एवढेच नसावे. अमुक शनिवारी खोली मोकळी आहे, दर अमुक आहे, जेवणात अमुक मिळेल, स्थानकावरून येण्यास रिक्षावाला ओळखीचा आहे, असे सर्व काही त्यात असावे. तारीख व दर नसलेले आमंत्रण ऐकून माणूस ‘येऊ कधीतरी’ म्हणतो, आणि ते ‘कधीतरी’ कधीच येत नाही.

येथे एक नाजूक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. नातेवाइकांना नव्या खोलीत फुकट उतरवून घेऊ नये. आप्तेष्ट आले तर ते घरात राहतील, पूर्वी राहत होते तसे. त्यांच्यासाठी माजघर आहे. खोली ही कर्जाची आहे. एकदा फुकट राहिलेल्या पाहुण्याचा मित्रही फुकटच राहण्याच्या अपेक्षेने येतो, आणि मग पैसे मागताना घरधन्याचीच जीभ अडखळते. तसेच, नात्यातील माणसांकडून न राहताच चांगले अभिप्राय लिहवून घेण्याचा मोह काहींना होतो. तो सर्वस्वी टाळावा. संकेतस्थळवाले असे अभिप्राय पकडतात तेव्हा काढून टाकतात, हे तर झालेच; परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, खोट्या स्तुतीवर विसंबून आलेला पाहुणा जो खरा अभिप्राय लिहून जातो तो पुसता येत नाही.

पाहुण्यास बोलाविण्यापूर्वी घरातील माणसांनी त्या खोलीत एक रात्र स्वतः काढावी. हा सल्ला साधा वाटेल, पण तो पाळणारे फार थोडे. खोली बांधणारा तिच्यात कधी झोपलेलाच नसतो. रात्री पंखा किती आवाज करतो, वीज गेल्यावर दिवा हाताशी सापडतो का, नळाचे पाणी मचूळ लागते का, डास कोणत्या खिडकीतून येतात, पहाटे कोंबडा नेमका उशाशी आरवतो का, हे सर्व एका रात्रीत कळते. किनाऱ्याजवळच्या विहिरींना उन्हाळ्यात खारटपणा येतो. घरच्यांना त्याची सवय असते, पाहुण्याला नसते. पिण्याच्या पाण्याची निराळी सोय करावी, आणि ती केली आहे हे आधीच कळवावे.

दराविषयी बराच गैरसमज आहे. गिऱ्हाईक येत नाही म्हणजे दर जास्त आहे, अशी समजूत करून घेऊन दोन हजारांची खोली हजाराला द्यावयाची, असा उपाय अनेकजण करतात. हिशोब करून पाहावा. समजा, दर हजार ठेवला आणि महिन्याला आठ रात्री भरल्या, तर ८,००० रुपये येतात. दर दोन हजार ठेवला आणि चारच रात्री भरल्या, तरीही ८,००० रुपयेच येतात. आणि चार रात्रींचे चादरी धुणे, झाडलोट, चहापाणी व जागरण वाचते. शिवाय कमी दराने आलेला पाहुणा तोच दर आपल्या ओळखीच्यांना सांगतो, आणि पुढे दर वाढविला की ती वाढ म्हणजे लूट वाटू लागते. पडलेला भाव वर चढविणे किती कठीण असते, हे टोमॅटो पिकविणाऱ्याला सांगावे लागत नाही.

सवलत मुळीच देऊ नये, असा याचा अर्थ नाही. ती मोजून द्यावी, आणि मूळ दर तसाच दिसू द्यावा. एअरबीएनबीवर नव्या खोलीला पहिल्या तीन नोंदण्यांपुरती शेकडा २० ची सूट जाहीर करण्याची सोय आहे. दोन हजारांच्या खोलीला ही सूट एका रात्रीस ४०० रुपये होते. तीन पाहुणे एकेक रात्र राहिले तर सारे मिळून १,२०० रुपये. पहिल्या तीन खऱ्या अभिप्रायांची ही किंमत मुळीच महाग नाही. बियाण्यावर शेतकरी यापेक्षा जास्त खर्च करतो. मात्र चौथ्या पाहुण्यापासून दर मूळचाच असावा. सूट द्यावयाचीच असेल तर ती मधल्या वारी राहणाऱ्यास किंवा दोन रात्री राहणाऱ्यास द्यावी. शनिवार-रविवार स्वस्त करण्याचे काहीच कारण नाही.

आता मुख्य मोहाविषयी. नवी खोली रिकामी असताना, रविवारच्या गर्दीतून आठदहा तरुणांचे टोळके येते आणि एका दिवसासाठी खोली मागते. ते दराची घासाघीस करीत नाही, रोख पैसे पुढे करते. त्यांना झोपावयाचे नसते. त्यांना बसावयाची जागा हवी असते, आणि बसणे म्हणजे काय, हे सर्वांना ठाऊक आहे. दोन महिने एक पैसाही न पाहिलेल्या घराला हे पैसे नाकारणे अत्यंत जड जाते. तरीही ते नाकारले पाहिजेत, असेच ठाम मत येथे मांडावयाचे आहे. त्या दिवशी मिळालेल्या तीनचार हजारांपायी शेजारी दुखावतो, घरातील सुना-मुलींना अंगणात वावरणे अवघड होते, आणि गावात खोलीचे नाव जे पडते ते पडते. पुढे ज्या शिक्षिकेला किंवा ज्या वृद्ध दांपत्याला बोलवावयाचे, ते रिक्षावाल्याकडून ते नाव ऐकूनच परत फिरतात. मद्यधुंद अवस्थेत भरतीच्या पाण्यात उतरलेल्या माणसाचे काय होते, तेही किनाऱ्यावरील माणसाला ठाऊक असते. या किनारपट्टीवर असे जीव गेलेले आहेत. ज्या घरात तो उतरला होता त्या घराच्या दाराशी पोलीस येतात, आणि ती खोली नंतर कोणीही घेत नाही. पहिल्या वर्षी एका वेळी चारपेक्षा जास्त माणसे घ्यावयाची नाहीत आणि मुक्कामाशिवाय खोली द्यावयाची नाही, हे दोन नियम नोंदीतच लिहून ठेवले म्हणजे दारात उभे राहून वाद घालण्याचा प्रसंग येत नाही.

मोठ्या उपाहारगृहांशी व तरणतलाव असलेल्या विश्रामस्थानांशी स्पर्धा करण्याचा विचारही व्यर्थ होय. ते धंदे अर्नाळा ते कळंब या पट्ट्यात आधीच आहेत, त्यांचे गिऱ्हाईक निराळे आहे. वाडीतील खोलीला जे देता येते ते त्यांना देता येत नाही. पहाट होण्याच्या सुमारास मोगऱ्याच्या कळ्या खुडल्या जातात. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून तिची सुकेळी होते. माडाखाली पाट वाहतो. शहरातील मुलाने केळीचा घड झाडावर लोंबताना पाहिलेला नसतो. हे सर्व पाहावयास मिळेल, असे नोंदीत लिहावे. मात्र जे ज्या महिन्यात असते तेच त्या महिन्यात लिहावे. सुकेळीचे छायाचित्र पाहून आषाढात आलेल्या माणसाला ओले अंगण दाखविणे ही फसवणूकच होय.

छायाचित्रांविषयी एक गोष्ट बोधप्रद आहे. एअरबीएनबी ही संस्था २००८ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी तिच्या संस्थापकांनी स्वतःच्या घराचे भाडे निघावे म्हणून दिवाणखान्यात हवेच्या गाद्या घालून तीन पाहुणे ठेवले होते. तेच तिचे पहिले पाहुणे. पुढे २००९ साली न्यूयॉर्क शहरात नोंदण्या वाढेनात, तेव्हा संस्थापकांनी स्वतः घरोघर जाऊन खोल्यांची चांगली छायाचित्रे काढली, आणि त्यानंतर तेथील उत्पन्न वाढले. येथे अर्थ एवढाच घ्यावयाचा की, अंधाऱ्या खोलीत रात्रीच्या दिव्याखाली काढलेले चित्र चांगल्या खोलीलाही मारक ठरते. सकाळी आठ-नऊच्या सुमारास खिडक्या उघडून, पलंगावर स्वच्छ चादर घालून, खोली, शौचालय, अंगण, वाडी व रस्त्यावरून दिसणारे दार अशी पाचसहा चित्रे काढावीत. शौचालयाचे चित्र घालण्यास लोक संकोचतात. पण कुटुंबासह येणारी स्त्री प्रथम तेच शोधते. समुद्र घरातून दिसत नसेल तर समुद्राचे चित्र पहिले लावू नये. चालत किती मिनिटे लागतात ते लिहावे. डास आहेत, मच्छरदाणी दिली जाईल. वीज कधी कधी जाते, दिवा ठेवला आहे. इतके प्रांजळ लिहिणाऱ्या घरी माणसे राग धरून परत जात नाहीत, कारण राग येण्यासारखे सर्व त्यांना आधीच ठाऊक असते.

गुगलच्या नकाशावर घराची खूण बरोबर लावून ठेवणे हेही काम पहिल्याच आठवड्यात करावे. वाड्यांतील आळ्या-बोळ एकमेकींसारख्या दिसतात. रात्री दहा वाजता लहान मुलांना घेऊन तीन वेळा चुकलेला पाहुणा घरात पाऊल टाकतो तो कपाळाला आठी घालूनच.

खोली केव्हा सुरू करावी? बहुतेक कुटुंबे बांधकाम संपले की दुसऱ्या दिवशी सुरू करतात, मग तो जून महिना असला तरी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, प्रशासनाकडून किनाऱ्यावर जाण्यास मनाई होते, आणि समुद्रासाठीच येणारा माणूस येत नाही. पहिले तीन महिने रिकामे गेले की घरातील सर्वांचा धीर खचतो. या भागासाठी दिवाळीची सुटी ही सुरुवातीस योग्य. त्यापाठोपाठ कार्तिक वद्य एकादशीपासून जवळच निर्मळची यात्रा भरते. यात्रेत सुकेळी विकावयास येते, माणसांची वर्दळ असते, आणि एकदा यात्रेसाठी येऊन गेलेली कुटुंबे या भागाला पारखी नसतात. पुढे थंडीचे दिवस, नाताळ, आणि मार्चमध्ये परीक्षा सुरू होईपर्यंतचा काळ उत्तम. नाताळात ख्रिस्ती कुटुंबांच्या घरी स्वतःचेच पाहुणे व सण असतात. त्यांनी त्या आठवड्यात बाहेरची नोंदणी न घेतलेली बरी. ज्यांच्या घरी तो सण नाही त्यांनी शेजाऱ्याला विचारून त्याच्याकडे आलेली जास्तीची माणसे घ्यावीत. पावसाळा अगदीच वाया जातो, असे मात्र नाही. भिजलेली हिरवी वाडी पाहण्यासाठी, गरम भाकरी खाण्यासाठी व स्वस्थ पडून राहण्यासाठी येणारी माणसे असतात. पण ती दुसऱ्या वर्षी येतात, ज्यांनी आधी कोरड्या दिवसांत एकदा येऊन घर पाहिलेले असते तीच.

दुपारच्या उन्हात समुद्रावर जाण्यात अर्थ नसतो. तेव्हा पाहुण्यांनी करावयाचे काय, याचे उत्तर घरधन्याजवळ असावे. नालासोपाऱ्याचा बौद्ध स्तूप थोड्या अंतरावर आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली तो उकरला तेव्हा जुन्या शूर्पारक बंदराचे वैभव जगापुढे आले. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही याच सोपाऱ्यात सापडले. चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून घेतलेला वसईचा किल्ला आहे, होडीने जावे लागणारा अर्नाळ्याचा किल्ला आहे. एका कागदावर या स्थळांची नावे, जाण्याचा मार्ग व रिक्षाचे अदमासे भाडे लिहून खोलीत लावले तर जे पाहुणे एक रात्र राहणार होते ते दोन रात्री राहतात. पहिल्या महिन्यांत नवीन पाहुणा मिळविण्यापेक्षा आलेल्याला आणखी एक रात्र ठेवून घेणे सोपे असते. त्याच कागदावर भरती-ओहोटीच्या वेळा आणि ‘पाण्यात उतरण्यापूर्वी घरी विचारावे’ ही सूचना ठळक अक्षरांत असावी.

या सर्व चर्चेत एक व्यक्ती नेहमी वगळली जाते. नोंदणी मुलगा मोबाइलवर स्वीकारतो, पैसे वडिलांच्या खात्यात जमा होतात, आणि स्वयंपाक आई करते. पहाटे चारला कळ्या खुडावयास उठणारी बाई रात्री अकरापर्यंत पाहुण्यांसाठी भाकऱ्या थापीत बसली, तर तिसऱ्या आठवड्यात ती आजारी पडते आणि चौथ्या आठवड्यात पाहुण्याला बाहेरून आणलेले जेवण मिळते. वाडीतील जेवण म्हणून आलेला माणूस ते विसरत नाही. म्हणून नोंदणी स्वीकारण्यापूर्वी जिच्या हातून काम व्हावयाचे आहे तिला विचारले पाहिजे, आणि तिने नाही म्हटले तर नोंदणी नाकारली पाहिजे. जेवणाचे पैसे खोलीच्या भाड्यात न मिसळता निराळे लावावेत आणि ते तिच्या नावाच्या खात्यात जावेत. असे केल्याने हिशोबही स्वच्छ राहतो: खोलीचे पैसे कर्जाला, जेवणाचे पैसे श्रमाला. ज्या घरी सासू-सुना किंवा जावा मिळून काम करतात तेथे गोष्ट वेगळी. पण तेथेही पाळी ठरलेली असावी. महिला बचत गट असेल तर चादरी धुणे किंवा सकाळची न्याहारी त्यांच्याकडे सोपविता येते. पहिल्या वर्षी महिन्यातून चार-पाच रात्रींपेक्षा जास्त नोंदण्या घेण्याची हाव धरू नये, यामागचे खरे कारण हेच आहे. खोली थकत नाही, माणूस थकते.

कायदेशीर बाबी थोडक्यात. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले असून त्याखाली किमान एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्यास पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. त्यापूर्वी २००५ पासून पांडुरंग तावरे यांनी बारामती परिसरात हा प्रयोग करून दाखविला होता. ज्यांची वाडी एकराहून लहान आहे त्यांनी घरगुती न्याहारी व निवास योजनेची चौकशी त्याच कार्यालयात करावी. समुद्रकिनाऱ्याजवळील जमिनीस किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. नवे बांधकाम करण्यापूर्वी लेखी चौकशी केल्याशिवाय वीटसुद्धा आणू नये. असलेले घर आहे तसे ठेवून त्यातील खोली देणे हाच सर्वांत निर्धोक मार्ग होय. प्रत्येक पाहुण्याचे नाव, पत्ता व ओळखपत्र नोंदवहीत उतरवून घ्यावे, आणि परदेशी पाहुणा उतरल्यास त्याच्या आगमनाची माहिती चोवीस तासांत शासनाकडे पाठवावी. नोंदणीचे प्रमाणपत्र खोलीत लावले की नव्या पाहुण्याचा अर्धा संशय तेथेच फिटतो. तेव्हा हे काम केवळ कायद्याच्या धाकाने करावयाचे नाही.

गावपातळीवरील विस्तार कार्यकर्त्यांची जबाबदारी येथे दुहेरी आहे. एका घराची खोली चालली की शेजारची दहा घरे तीच खोली बांधावयास निघतात. आणि सर्वांनी एकदम बांधली की सर्वजण एकमेकांचे दर पाडतात. पाचशेच्या खोल्यांनी भरलेल्या गावात शेवटी कोणाचाही हप्ता फिटत नाही. तेव्हा कार्यकर्त्याने उत्साहाच्या भरात प्रत्येकास खोली बांधण्याचा सल्ला देऊ नये. इटलीत १९८५ साली शेतावरील पाहुणचारासाठी कायदा झाला, त्यात शेती हाच मुख्य धंदा राहील आणि पाहुणचार त्याला जोड असेल, अशी अट घातलेली आहे. ही दृष्टी येथेही ठेवण्यासारखी आहे. एखाद्याची वाडीच तोट्यात असेल तर त्याला आधी विहीर, खत व बाजार यांविषयी सल्ला हवा आहे. खोली त्याला तारणार नाही. ज्याची वाडी बरी चालते, घरात दोन माणसे जास्तीची आहेत आणि पडवीची एक खोली रिकामी आहे, त्याने खुशाल सुरुवात करावी. गावात तीनचार खोल्या झाल्या की त्यांच्या मालकांना एकत्र बसवून किमान दर, मद्यपानाविषयीचा नियम आणि एकाकडील जास्तीचे पाहुणे दुसऱ्याकडे पाठविण्याची रीत ठरवून देणे, हे कार्यकर्त्याचे काम. शाळेच्या शिक्षकांना आपल्या ओळखीच्या शहरी शाळांतील शिक्षकांस पत्र लिहावयास सांगणे, हेही त्याच्याकडून होण्यासारखे आहे.

पाहुणा परत निघाला की त्याला अभिप्राय लिहिण्याची विनंती दारातच करावी. लाज धरू नये. एअरबीएनबीवर त्यासाठी चौदा दिवसांची मुदत असते आणि घरी पोहोचल्यावर माणूस विसरतो. त्याने एखादा दोष सांगितला तर समर्थन न करता वहीत लिहून घ्यावा आणि पुढील पाहुणा येण्यापूर्वी तो दूर करावा. संकेतस्थळावर कोणी कडक शब्द लिहिले तर उत्तर दोन ओळींत द्यावे: दोष मान्य आहे, अमुक दिवशी दुरुस्त केला. रागाने लिहिलेले लांबलचक उत्तर पुढचा पाहुणा वाचतो, आणि भांडखोर यजमानाकडे जाण्यापेक्षा दुसरीकडे जातो.

आणि इतके करूनही वर्षभरात दहा मुक्काम भरले नाहीत तर? तसे होऊ शकते. पर्यटनाचा धंदा लहरी आहे; साथीच्या काळात २०२० साली सर्व वाटा एकाएकी बंद झाल्या होत्या, हे फार जुने नाही. म्हणून खोली बांधतानाच एक प्रश्न घरातील सर्वांनी स्वतःला विचारावा: पाहुणे आलेच नाहीत तर ही खोली घराला कशासाठी उपयोगी पडेल? मुलाच्या लग्नानंतर ती लागणार असेल, म्हाताऱ्या आईला पायऱ्या चढाव्या न लागणारी खोली हवी असेल, सुकेळी व बियाणे ठेवावयास कोरडी जागा हवी असेल, तर कर्ज बुडाले असे म्हणता येणार नाही. यांपैकी काहीच नसेल तर तूर्त पडवीत दोन खाटा टाकून, घरचेच शौचालय स्वच्छ करून, दादरच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी एका कुटुंबाला दिवाळीनंतरच्या शनिवारी बोलवावे. त्यांनी जेवणाचे पैसे आनंदाने दिले आणि पुन्हा येण्याची तारीख स्वतःहून विचारली, म्हणजे फरशीवाल्याला बोलवावयास हरकत नाही.